समजल्याचा पुरावा

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास पद्मावती चौगुल्यांची गिरणी चालता चालता थांबली. वीज गेली नव्हती. छपरावरच्या सौरपट्ट्यांवर लख्ख ऊन होतं. वरच्या टोपात निम्मे जोंधळे तसेच राहिले होते आणि यंत्राच्या वीतभर पडद्यावर तांबडी अक्षरं उमटली होती : 'करारभंग. यंत्र कंपनीने बंद केले आहे.'

"बंद केलीस व्हय गं?" बाकावर डबा घेऊन बसलेल्या अक्काताई मगदूमांनी विचारलं.

"मी कशाला करू? तीच थांबली," पद्मावती म्हणाली, आणि तिनं भिंतीवरचा कंपनीचा नंबर फिरवला.

जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीत ती बावीस वर्षं गिरणी चालवत होती. नवरा गेल्यावर जुनी गिरणी तिनं एकटीनं ओढली आणि मागच्या वर्षी 'दिनमणी यंत्रसेवा' या कंपनीकडून हप्त्यांवर ही सौरगिरणी घेतली. गहू झकास निघायचा. जोंधळ्याचं पीठ मात्र गरम होऊन बाहेर पडायचं आणि भाकरी थापताना कडेला मोडायची. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. शेवटी तिनं कुरुंदवाडच्या पाथरवटाला बोलावून काळ्या दगडाच्या चाकांची जोडी छिन्नीनं टाकी लावून बसवून घेतली. पीठ गार आणि मऊ निघायला लागलं. आठ दिवसांत रांग दुप्पट झाली, आणि नवव्या दिवशी हे.

"ताई, कलम एकतीस," फोनवरचा मुलगा पाठ केल्यासारखं म्हणाला. "कंपनीबाहेरचा सुटा भाग बसवला की यंत्र बंद, आणि उरलेले सगळे हप्ते एकदम देणं लागतात."

"हे मला कुणी कधी सांगितलं?"

"सांगायचा प्रश्नच नाही, ताई. तुम्ही स्वतः वाचलंय. तुमची समजनोंद चौऱ्याण्णव टक्के आहे."

पद्मावतीनं फोन ठेवला. अक्काताईंचे उरलेले जोंधळे तिनं हातानं टोपातून बाहेर काढून त्यांच्या डब्यात घातले.

समजनोंद हा शब्द सात-आठ वर्षांपूर्वी कुणाला ठाऊकही नव्हता. तोवर करार म्हटलं की न वाचता अंगठा टेकवायचा किंवा 'मान्य' या शब्दावर बोट दाबायचं, आणि नंतर भांडण झालं की कंपनी म्हणायची 'सही आहे', माणूस म्हणायचा 'मला कळलं नव्हतं'. कळलं होतं की नव्हतं, हे ठरवणार कोण? त्यावर उपाय म्हणून आकलनपट आला. कपाळावरून डोक्यामागे जाणारी रबरी पट्टी, तिच्यात बारीक बारीक विद्युतअग्रं. लोकांनी तिला समजपट्टी करून टाकलं. पट्टी बांधून पडद्यावर करार वाचायचा, यंत्र मेंदूतल्या लहरी टिपणार आणि शेवटी आकडा देणार, तीच समजनोंद. ऐंशीच्या वर असेल तरच करार पक्का. कायदा झाला तेव्हा ग्राहक संघटनांनी पेढे वाटले होते.

पण झालं उलटंच. आकडे नव्वदीच्या खाली जाईनातच. तक्रार घेऊन आलेल्या माणसापुढे कंपनीचा वकील एक कागद सरकवायचा. त्यावर त्याच्याच मेंदूची सही. हळूहळू लोक स्वतःच्या आठवणीवर शंका घ्यायला लागले. 'मशीन म्हणतंय म्हणजे तेव्हा कळलं असेल, आता विसरलो असेन.' ग्राहक आयोगातल्या तारखा ओस पडल्या.

पद्मावतीच्या घरात तर ही पट्टी रोज पोट भरत होती. तिची सून श्रुतिका सांगलीच्या एका पतसंस्थेत आकलन-सहायक होती. कर्जदाराच्या डोक्याला पट्टी बांधायची, करार पडद्यावर लावायचा, आकड्याचा कागद काढून फायलीला जोडायचा, हे तिचं काम. मुलगा सन्मती हुबळीला नोकरीला होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा. एरवी घरात सासू आणि सून, दोघीच.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम होता. त्या संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या तेव्हा श्रुतिकानं सगळं ऐकून घेतलं आणि सावकाश म्हणाली, "आई, चौऱ्याण्णव म्हणजे फार आहे हो. रागावू नका, पण तेव्हा तुम्हाला समजलं होतं. आता नव्हतं समजलं म्हणायचं, म्हणजे…"

"म्हणजे खोटं बोलायचं. असंच ना?"

पद्मावतीनं पुढ्यातली भाकरी झाकून ठेवली. बावीस वर्षांत तिच्या तराजूवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आज घरात, आपल्या माणसानं ठेवलं.

दोन दिवस दोघींत कामापुरतं बोलणं झालं. पद्मावती रोज सकाळी बंद गिरणीत जाऊन बसे आणि करार केला तो दिवस आठवून बघे. कंपनीच्या दुकानातली गार हवा, ती पट्टी, पडद्यावर एकामागून एक सरकणारी त्रेचाळीस पानं. 'तदनुषंगाने', 'उपरोक्त', 'अधीन राहून'. तिसऱ्या पानानंतर अक्षरं डोळ्यांपुढून मालगाडीच्या डब्यांसारखी गेली होती. ती तेव्हा मनात छपराच्या पत्र्यांचं माप काढत होती, हे तिला स्वच्छ आठवत होतं. मग चौऱ्याण्णव आले कुठून?

तिसऱ्या दिवशी सुनेनं चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं, "श्रुतिका, ते मशीन नेमकं काय मोजतं गं?"

"समज मोजतं."

"समज काय जोंधळे हायत, मापात भरून मोजायला? नेमकं काय मोजतं ते सांग."

प्रश्न एवढा सरळ होता, की श्रुतिकाला राग येईना. शनिवारी तिनं ऑफिसातून सरावाची पट्टी मागून आणली. स्वयंपाकघरात सासूच्या डोक्याला ती बांधली आणि लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला. पडद्यावर एक हिरवी रेघ थरथरत पळू लागली.

"मी वाक्य म्हणते, तुम्ही नुसतं ऐका. आईनं चहात साखर घातली, आलं घातलं आणि वीट घातली."

'वीट' हा शब्द आला आणि क्षणभरात रेघेनं एक खोल हेलकावा खाल्ला. पद्मावती हसायला लागली.

"बघितलंत? माणूस ऐकत असतो तेव्हा त्याचा मेंदू पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत पुढं पळत असतो. अंदाजात न बसणारा शब्द आला की चारशे मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळात, माथ्यापाशी हा हेलकावा उमटतो. आम्ही त्याला ठेच म्हणतो. शास्त्रज्ञांना हे साठेक वर्षं माहीत आहे. करार वाचताना ठेचा कमी लागल्या, म्हणजे माणसाला वाक्यं नीट कळत गेली. शंभरातून ठेचा वजा केल्या की आकडा तयार. डोळे पानावरून फिरतायत का, तेही बघतात."

पद्मावती रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण जो चालतच न्हाई, त्याला ठेच कशी लागायची?"

"म्हणजे?"

"मी वाचत नव्हते, श्रुतिका. डोळे फिरत होते, पण मी त्यात नव्हतेच. अंदाजच बांधला नाही तर चुकणार कशानं? आता तुझ्या करारात वीट घालून बघ."

श्रुतिकानं दिनमणीचा करार उघडला. कलम एकतीसच्या मधोमध 'वीट' हा शब्द टाकला आणि आठ पानं सासूपुढे सरकवत गेली. रेघ संथ वाहत राहिली. वीट आली आणि गेली, पण पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. शेवटी आकडा आला : त्र्याण्णव.

श्रुतिकानं पुन्हा करून बघितलं. मग स्वतःच्या डोक्याला पट्टी बांधली आणि सासूला पानं सरकवायला सांगितली. वीट कुठं आहे ते तिला माहीत होतं म्हणून त्या एका जागी ठेच लागली. पण पद्मावतीनं तिला न सांगता आणखी दोन शब्द बदलले होते. ते तसेच निघून गेले.

श्रुतिकानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "एक म्हातारबा आले होते, जामीन राहायला. तासगावचे. सगळं झाल्यावर मला विचारलं, बाई, सही इथंच करायची ना? त्यांना सत्त्याण्णव पडले होते. मी अभिनंदन केलं होतं त्यांचं."

पद्मावतीनं तिच्या डोक्याची पट्टी सोडवली. "तुला कुठं ठाऊक होतं?"

"ठाऊक करून घ्यायला हवं होतं. तुम्हाला मी खोटं ठरवलं, आई."

"ते राहू दे. आता खरं काय ते चार लोकांत दाखवता येईल का, ते सांग."

रविवारभर श्रुतिकानं प्रशिक्षणाची जाडजूड पुस्तिका चाळली. पान एकशे बारावर तिला हवं ते सापडलं. मूळ संशोधकांनी हा धोका ओळखलेला होता. त्यांनी सांगितलं होतं, की मजकुरात अधूनमधून मुद्दाम विसंगत वाक्यं पेरा. तिथं ठेच लागली तरच माणूस वाचतोय असं धरा, नाहीतर सगळी मोजणी फुकट. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'ग्राहकाचा वेळ वाचवण्यासाठी ही पायरी ऐच्छिक.' जिथं ऐच्छिक, तिथं कुणी कशाला करतंय?

तक्रार पद्मावतीनं स्वतः लिहिली. ग्राहक आयोगात वकील लावावाच लागतो असं नाही, आपली बाजू आपल्याला मांडता येते, एवढी माहिती तिला होती. पहिल्या ओळीवर ती अडली. 'मला करार समजला नव्हता' असं लिहायचं, म्हणजे आपण अडाणी आहोत असं कबूल केल्यासारखं वाटत होतं. दोनदा खोडून तिसऱ्यांदा तिनं ते ठळक अक्षरांत लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून श्रुतिकाचं नाव घालायचं होतं.

"तुझी नोकरी जाईल," पद्मावती म्हणाली.

"जाईल," श्रुतिका म्हणाली आणि नावापुढे सही करून मोकळी झाली.

नोकरी पंधरा दिवसांत गेली. सन्मती हुबळीहून आला, दोघींवर चिडला, एक दिवस धुमसला, आणि जाताना आईच्या हातात प्रवासखर्चाचे पैसे ठेवून म्हणाला, "हरू नका म्हणजे झालं."

कोल्हापूरच्या आयोगात सुनावणीला दोन महिन्यांनी तारीख मिळाली. त्याआधीच्या तारखेला पद्मावतीनं एक बंद पाकीट अध्यक्षांकडे दिलं होतं आणि एक लेखी विनंती केली होती. अध्यक्षा श्रीमती तारळेकर यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली आणि मंजूर केली.

सुनावणीच्या दिवशी दिनमणीतर्फे वकील होते आणि विभागीय व्यवस्थापक हर्षवर्धन कोटणीस होते. कोटणीस चांगले होते, उद्धट अजिबात नव्हते. त्यांचा आपल्या कागदांवर खरोखरच विश्वास होता.

"मॅडम," वकील म्हणाले, "तक्रारदार बाईंबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्यांच्याच मेंदूनं दिलेला चौऱ्याण्णव टक्क्यांचा पुरावा आमच्याकडे आहे. माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही."

"तुम्हाला काय म्हणायचंय, चौगुलेबाई?"

पद्मावती उभी राहिली. आवाज गिरणीच्या घरघरीवरून बोलायची सवय असलेला, ठणठणीत होता. "मॅडम, मी अर्जात लिहिलंय तेवढंच. कोटणीससाहेबांनी पट्टी बांधून त्यांचाच करार वाचावा. कलम पंचवीस ते छत्तीस. बास."

वकिलांनी हरकत घेतली. "मजकूर तपासलेला हवा."

"मजकूर आयोगानं भरला आहे आणि प्रत माझ्याकडे आहे," अध्यक्षा म्हणाल्या. "यंत्र तुमच्याच दुकानातलं, मोजायची पद्धत तुमचीच. मग अडचण कसली?"

"मी वाचतो की," कोटणीस हसून म्हणाले. "पाठच आहे तो मला."

श्रुतिकानं पट्टी बांधली. समोर मोठ्या पडद्यावर रेघ धावू लागली आणि कोटणीस वाचू लागले. पानं सरकत होती. अकरा मिनिटं खोलीत पंख्याखेरीज आवाज नव्हता. रेघ सुरुवातीला दोन-चारदा हलली आणि मग संथ झाली. शेवटी आकडा उमटला : शहाण्णव.

वकिलांनी समाधानानं फाईल मिटली.

"साहेब," पद्मावती म्हणाली, "सगळं कळलं ना तुम्हाला?"

"अर्थात."

"मग म्हैस कधी बांधताय?"

"काय? कुठली म्हैस?"

अध्यक्षांनी पाकिटातला कागद काढला आणि शांतपणे वाचून दाखवला. "कलम तेहतीस, पोटकलम ब. तदनुषंगाने, उपरोक्त कलम सत्तावीसच्या अधीन राहून, करारकर्ता प्रत्येक अमावास्येस एक दुभती म्हैस प्रतिपक्षाच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या आवारात स्वखर्चाने बांधण्यास बाध्य राहील." त्यांनी वर पाहिलं. "श्री. कोटणीस, हे वाक्य तुम्ही आताच वाचलंत. शहाण्णव टक्के समजून."

मागच्या बाकावरून पहिलं हसू फुटलं आणि मग खोलीभर पसरलं. लघुलेखकानं तोंडावर रुमाल धरला. कोटणीसांनी पडद्यावर मागं जाऊन ते पान काढलं. वाक्य तिथंच होतं. ते कानापर्यंत लाल झाले.

पद्मावती हसली नाही. "साहेब, तुमची चूक नाही यात," ती म्हणाली. "मीबी अशीच वाचत गेले होते. कुणीबी असंच वाचतं. तुम्ही आज जसे बसलात, तशी मी त्या दिवशी तुमच्या दुकानात बसले होते. एवढंच मला सांगायचं होतं."

हशा थांबला. श्रुतिकानं साक्षीत ठेचेचं शास्त्र सांगितलं, पुस्तिकेचं एकशे बारावं पान दाखवलं आणि वकिलांनी विचारायच्या आधीच म्हणाली, "मी स्वतः अकराशेच्या वर लोकांना असे आकडे दिलेत. त्यातला एकही आकडा मी आज खरा म्हणणार नाही."

अध्यक्षांनी घाईनं निकाल दिला नाही. एका माणसाची गंमत म्हणजे पुरावा नव्हे, असं म्हणून त्यांनी विद्यापीठाच्या मेंदूविज्ञान विभागाला तोच मजकूर चाळीस अनोळखी माणसांवर तपासायला सांगितला. त्यांत दोन वकील होते, एक मराठीचे प्राध्यापक होते. सदतीस जणांनी म्हशीवरून सुखरूप पुढं जात नव्वदीच्या वर आकडा काढला.

निकाल आला. विसंगत वाक्यं न पेरता घेतलेली समजनोंद पुरावा म्हणून धरता येणार नाही. अशा नोंदीच्या जोरावर ग्राहकाचं यंत्र बंद करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. कलम एकतीस पद्मावती चौगुले यांच्यावर बंधनकारक नाही. गिरणी अठ्ठेचाळीस तासांत सुरू करावी, हप्ते पूर्वीप्रमाणेच घ्यावेत आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यावी. कंपनी वर अपिलात गेली आणि तिथंही हरली.

गिरणी सुरू झाली त्या सकाळी रांग गल्लीच्या तोंडापर्यंत होती. अक्काताई मगदूम सगळ्यांत पुढे होत्या. पीठ पडायला लागल्यावर त्यांनी चिमूट बोटांत चोळून बघितली आणि मागं वळून ओरडल्या, "गार हाय गं, गार!"

पण खरी गंमत पुढं झाली. वर्षभरात नियम बदलला, विसंगत वाक्यं सक्तीची झाली आणि तिथं ठेच लागली तेवढंच समजलं असं धरायला लागले. त्या दिवसापासून देशभर आकडे कोसळले. मोबाईलचा करार नऊ टक्के, विम्याचा सात, घरकर्जाचा चार. एकही करार पक्का होईना. कंपन्यांनी आधी आरडाओरडा केला, मग मोठमोठे तज्ज्ञ आणले, आणि शेवटी जो एकच उपाय होता तो केला : करार माणसाला कळेल असा लिहिला. त्रेचाळीस पानांची दोन पानं झाली. 'तदनुषंगाने' गेलं. आणि साध्या भाषेत लिहिल्यावर काही कलमं इतकी निर्लज्ज दिसायला लागली, की कंपन्यांनाच ती छापवेनात.

पतसंस्थेनं श्रुतिकाला परत बोलावलं. तिनं अट घातली, की जुन्या अकराशे कर्जदारांचे करार पुन्हा वाचून घ्यायचे. संस्थेनं आढेवेढे घेतले आणि मग मान्य केलं. पहिल्याच आठवड्यात ती स्वतः तासगावला जाऊन आली. परत आल्यावर तिनं सासूला एवढंच सांगितलं, "जामीन राहिलो म्हणजे काय, हे म्हातारबांना आज कळलं. आणि मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही त्यांनी."

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस कोटणीस स्वतः सातव्या गल्लीत आले. हातात नव्या तेलघाण्याचं चित्र होतं आणि दोन पानी करार. त्यांनी बाकावरचं पीठ झटकलं आणि बसले.

"पद्मावतीताई, गिरणीशेजारी हा घाणा मांडा. शेंगदाणा, करडई, काय वाटेल ते गाळा. करार मी स्वतः लिहिलाय. पट्टी पण आणलीय, खऱ्या चाचणीची. बघाच तुम्ही."

पद्मावतीनं हात पुसले, पट्टी बांधून घेतली आणि वाचायला लागली. बोट एकेका ओळीवरून सावकाश सरकत होतं. दुसऱ्या पानावर मधेच ती थबकली, "बेडूक कशाला घातलाय हितं?" म्हणाली, आणि कोटणीस खूश होऊन मान डोलावत राहिले. हप्ते किती, ते तिनं वाचलं. घाणा बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, ते वाचलं. पाच वर्षं तेल कंपनीलाच विकायचं, तेही कंपनी म्हणेल त्या भावानं, ते दोनदा वाचलं. मग कागद गुडघ्यावर ठेवला.

पडद्यावर आकडा आला आणि कोटणीस उठून उभेच राहिले. "अठ्ठ्याण्णव! खऱ्या चाचणीत अठ्ठ्याण्णव! ताई, अख्ख्या जिल्ह्यात कुणाला पडले नाहीत एवढे. सगळं कळलंय तुम्हाला!"

"व्हय," पद्मावती पट्टी सोडत म्हणाली, "म्हणून तर नको."